सासूबाईंचा एसएमपीएस

“नयना, तुझ्या त्या डब्याचा आवाज बदललाय.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात मेथीची जुडी. मी कॉम्प्युटरवरची नजर न काढताच म्हटलं, “पंखा आहे आई त्याचा. गरम व्हायला लागलं की जोरात फिरतो.”

“जोरात नाही. अडकून फिरतोय.”

“बरं. सांगते ह्यांना.”

त्या आत गेल्या. मी काही कोणाला सांगितलं नाही. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि कॉम्प्युटरबद्दल त्या काही बोलल्या की ती कुरकूरच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या पुढच्या खोलीतली निम्मी जागा माझ्या टेबलानं खाल्ली होती. पाहुणे आले की त्यांना पलंगाच्या काठावर बसवावं लागे. आई तोंडानं काही म्हणत नसत. मुळात त्या बोलतच कमी. सकाळी देवपूजा, मग स्वयंपाक, दुपारी शिवणाचं मशीन. आमच्यात जी काही बोलणी व्हायची ती मीठ, दूध आणि कपडे एवढ्यावर संपायची.

ही दोन हजार एक सालची, फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही कासारवाडीत राहायचो, रेल्वेलाइनच्या मागच्या गल्लीत. मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं घ्यायचे. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका. त्या महिन्यात पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. सुमेधा गावडे नावाच्या एका प्राध्यापक बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध, जुन्या मराठी पाककृतींच्या पुस्तकांच्या भाषेवर. तीनशे बारा पानं. बुधवारी त्यांना विद्यापीठात द्यायचा होता.

आईंनी आवाजाचं सांगितल्याला आठ दिवस झाले असतील. शनिवारी सकाळी मी सहावं प्रकरण उघडलं, ‘फोडणी’ या शब्दाच्या पाचव्या तळटीपेवर होते, आणि टेबलाखाली फट्ट असा आवाज झाला. पडदा काळा. जळक्या वासाची एक बारीक रेघ वर आली.

पाच महिन्यांत ही तिसरी वेळ. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा असतो, त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो जळायचा. दोनदा पिंपरीचा मेकॅनिक येऊन नवा बसवून गेला होता. मी शेजारच्या बूथवरून त्याला फोन केला.

“मॅडम, मंगळवारी येतो,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? तुमची लाइनच खराब आहे. मी चौथा टाकीन, तोही जाईल.”

मंगळवार म्हणजे संपलंच. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर काम न्यावं तर माझं मराठी सॉफ्टवेअर तिथे चालत नसे. आणि माझ्या नवऱ्यानं, उमेशनं, दुसऱ्या वेळीच सांगून ठेवलं होतं, “नयना, आता पुन्हा जळलं तर हा नाद सोडू. विकून टाकू, तू एखादी नोकरी बघ.” तो रागावून नव्हता बोलला. म्हणूनच ते खरं होणार होतं.

मी टेबलापाशी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. आई कधी आल्या कळलं नाही. त्या वाकल्या, टेबलाखालचा वास घेतला आणि विचारलं, “पेचकस कुठाय?”

“आई, मेकॅनिक मंगळवारी...”

“पेचकस, नयना.”

मी दिला. त्यांनी आधी भिंतीतला प्लग काढला. मग कॅबिनेटचे मागचे चार स्क्रू काढून डबा असा अलगद बाहेर घेतला, की मी रडायची थांबले. स्क्रू त्यांनी वाटीत ठेवले. डब्याचं झाकण उघडायच्या आधी म्हणाल्या, “देवघरातला बल्ब काढून आण. होल्डरसकट.”

मी आणला. झाकण उघडून त्यांनी होल्डरच्या दोन वायरी आतल्या दोन जाड नळकांड्यांच्या पायांना, खालच्या बाजूनं, टेकवल्या. काहीच झालं नाही.

“हे कशाला?”

“प्लग काढला तरी यांच्यात वीज साठून राहते. माणूस फेकून देईल एवढी. बल्ब पेटला असता तर होती. पेटला नाही, म्हणजे नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पण हात घालायच्या आधी दर वेळी विचारायचं. काल नव्हती म्हणून आज नसेल असं नाही.”

एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

“आई, तुम्हाला हे कसं येतं?”

“भोसरीला कारखान्यात होते. रेडिओ, मग टीव्ही. वीस वर्षं.” त्यांनी चष्मा पुसला. “उमेश बोलला नाही?”

उमेश म्हणाला होता, ‘आई पूर्वी कंपनीत जायची.’ मला वाटलं होतं पॅकिंगला.

त्यांनी डबा खिडकीच्या उजेडात नेला. बराच वेळ आत बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा दूधवाल्यानं पाणी घातलेलं कळल्यावर व्हायचा.

“ये इकडे. हे बघ. ह्या सर्किटच्या पट्टीवर इथे काय छापलंय?”

“कॉइलसारखं चित्र आहे.”

“आणि बसवलंय काय?”

तिथे नुसता तारेचा एक वाकडा तुकडा होता.

“तार.”

“चोरी! इथे कॉइल पाहिजे, बाहेरचा कचरा अडवायला. तार टाकून मोकळे झाले. आणि ही जागा बघ, रिकामी. इथे एक चकती असते. लाइनमध्ये एकदम दाब वाढला की ती स्वतःवर घेते. तीसुद्धा नाही. आपल्या गल्लीत दिवसभर बाबरचं वेल्डिंग चालतं, दिवे कसे मिचमिचतात बघतेस ना? ते सगळं थेट आत आलं. आणि हे तीन कपॅसिटर बघ, डोकी फुगलेली. पंखा अडकला, हे तापले, मेले.” त्या सरळ उभ्या राहिल्या. “कारखान्यात आम्ही असं पुढं सोडलं असतं तर सगळी लाइन थांबवली असती.”

“म्हणजे आणखी नवा आणला तरी...”

“तोही असलाच असेल. मेकॅनिक खोटं बोलत नाही. त्यापेक्षा हाच नीट बांधू.”

*

पहिले दोन जळके डबे मी भंगारात द्यायचे विसरले होते. ते माळ्यावर होते. आईंनी शिवणाच्या मशीनच्या खालच्या खणातून एक निळी पिशवी काढली. त्यात सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे डाग द्यायची तापती सळई, चिमटे, कटर आणि कथलाच्या तारेचं अर्धं रीळ. इस्त्रीचं टोक चकचकीत होतं. कारखाना सुटून चौदा वर्षं झाली असताना ते चकचकीत कसं, हे मी विचारलं नाही.

दुपारी आम्ही बसनं पुण्यात गेलो, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. आठ महिन्यांत आम्ही दोघी कुठे बरोबर गेलो असू तर एकदा लग्नाला आणि एकदा दवाखान्यात. गल्लीत त्या माझ्यापुढे चालत होत्या, पदर खोचून.

दुकानदार तरुण होता. तो माझ्याशीच बोलायला लागला. “बोला ताई, काय पाहिजे?”

आईंनी कागद पुढं केला. त्यानं वाचून पुड्या काढल्या. आईंनी एक कपॅसिटर उचलला, चष्मा वर करून त्यावरचं बारीक छापील वाचलं आणि परत ठेवला.

“पंच्याऐंशी अंश सोसणारा नको. एकशे पाचचा द्या.”

“काकू, सगळे हेच नेतात.”

“म्हणूनच सगळ्यांचे जळतात.”

त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मागच्या फळीवरून दुसरा खोका काढला आणि कोपऱ्यातलं स्टूल पुसून पुढं सरकवलं. “बसा ना मॅडम.”

परतताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवरच्या पुडीवर हात ठेवून एकदम म्हणाल्या, “पूर्वी त्या गल्लीत उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. पगाराच्या शनिवारी आम्ही पाचजणी यायचो.” आणि हसल्या. मी ते हसू आधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या बाबरांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. मी मागोमाग. बाबर जाळीचं गेट जोडत होते.

“बाबर, हे बंद करा जरा. सुनेचा कॉम्प्युटर तुमच्या ठिणग्यांनी जळलाय.”

“काकू, माझ्या ठिणग्या इथेच पडतात की!”

“तुमचं मशीन लाइन ओढतं. ते जाऊ द्या. आता या झाकणाला मध्यभागी एवढं गोल भोक पाडून द्या. मोठा पंखा बसवायचाय.”

बाबरांनी झाकण उलटंपालटं केलं. “पंखा कुठल्या बाजूनं येणार?”

“बाहेरून. आत जागा नाही, आणि जाळीही पाहिजे. कुणाचं बोट जायला नको.”

त्यांनी भोक पाडलं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत करून दिल्या, वर जाळीचा तुकडाही दिला. म्हणाले, “चहा पिऊन जा.” आम्ही प्यायलो. वर्कशॉपमध्ये बसून चहा पिणाऱ्या सासूबाई, हेही मला नवीनच होतं.

*

रविवारी उमेशची गोदामात ड्यूटी होती. सकाळचं आवरून आई बसल्या ते साडेदहाला. मी भिंग धरायचं आणि नावं वाचायची. त्यांच्या हाताला एक लय होती. इस्त्री टेकव, तार लाव, उचल. प्रत्येक सांध्यानंतर त्या बारीक फुंकर घालायच्या. मेलेले भाग काढले, पट्टी ब्रशनं साफ केली. जुन्या डब्यांतल्या एकात खरी कॉइल निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, “बघ, हा मेला तरी प्रामाणिक होता.”

बाराच्या सुमाराला त्यांनी इस्त्री माझ्या हातात दिली.

“मी? नको आई, बिघडेल.”

“बिघडेल ते परत काढता येतं. आधी धातू तापव, तार धातूला लाव, इस्त्रीला नको. चमकला तर बसला. मळकट दिसला तर खोटा.”

माझा पहिला सांधा मळकट झाला. दुसराही. तिसरा चमकला. आईंनी पुढचा कपॅसिटर माझ्यासमोर ठेवला. मी चार बसवले. लाइनमधून येणारी वीज ज्यांतून आत जाते ते चार डायोड मात्र त्यांनी स्वतः लावले. शनिवारच्या त्या फट्ट आवाजात तेच गेले होते, फ्यूजसकट.

जेवण झाल्यावर, तीनच्या सुमाराला, चाचणी.

त्यांनी शंभर वॅटचा बल्ब प्लग आणि डब्याच्या मधे जोडला. “थेट प्लग लावायचा नाही. वीज या बल्बातून जाऊ दे. आत सगळं बरोबर असेल तर बल्ब एकदा लुकलुकेल आणि मंद होईल. आत कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटून राहील. मग आपण बंद करायचं.”

मला त्यांनी दाराशी उभं केलं. बटण दाबलं.

बल्ब भगभगीत पेटला. आणि पेटूनच राहिला.

आईंनी बटण बंद केलं. बाहेर कुणीतरी टीव्हीवर क्रिकेट लावलं होतं.

“तुझं नाही,” त्या लगेच म्हणाल्या. “तुझे सांधे मी बघितलेत.” मग डबा जवळ ओढून, देवघराच्या बल्बानं वीज नसल्याची खात्री करून, त्या पुन्हा बघायला लागल्या. दहा मिनिटं. पंधरा. चष्मा काढला, पुसला, लावला. डोळे चोळले. मला दिसत होतं, त्या प्रत्येक भागावरून दोनदा गेल्या होत्या.

“बहुतेक राहिलं नाही आता माझं,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कुणास ठाऊक. “चौदा वर्षं झाली. उगीच तुला आशा लावली. मंगळवारी त्या पोराला बोलव.”

आणि त्या चूळ भरायला मोरीत गेल्या.

मी भिंग घेतलं. मला इलेक्ट्रॉनिक्सचं काही येत नव्हतं, पण टाइप केलेली प्रुफं तपासणं हा माझा धंदाच होता. मला ओळीत एक अक्षर उलटं पडलेलं दिसतं. चार डायोड होते, काळे, प्रत्येकाच्या एका टोकाला पांढरा पट्टा. खाली पट्टीवरही तसेच पट्टे छापलेले. पहिला, पट्ट्यावर पट्टा. दुसरा, पट्ट्यावर पट्टा. तिसरा उलटा. चौथा बरोबर.

तिसरा त्यांनी लावला होता.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. इस्त्री अजून गरम होती. तो डायोड मी काढून फिरवून लावू शकले असते, आणि ‘आई, परत एकदा लावून बघू या का’ म्हणाले असते. त्यांना कळलंच नसतं. आठ महिने मी या घरात असंच वागत आले होते. भाजी खारट झाली तरी छान म्हणायचं. त्यांनी वाकडी घातलेली साडीची घडी मुकाट्यानं परत घालायची. त्यानं भांडण होत नव्हतं. पण दुसरंही काही होत नव्हतं.

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“आई, तिसरा डायोड उलटा लागलाय.”

त्या थांबल्या. “कोणता?”

“तुम्ही लावलेला. कॉइलच्या बाजूचा.”

त्यांनी भिंग घेतलं. बघितलं. बराच वेळ वर बघितलं नाही.

“उलटाच आहे,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “सावली पडली होती माझ्या हाताची. बरं झालं बोललीस. कारखान्यात लाइनवर एक वैजू होती, माझ्या पुढच्या जागेवर. माझी चूक दिसली की तोंडावर सांगायची. तिच्यामुळे माझा एक सेट कधी परत आला नाही.” त्यांनी इस्त्री उचलली, आणि मग ती माझ्यापुढे धरली. “तूच काढ. नवा आहे पुडीत, तो लाव. एकदा असा ताण बसलेला परत वापरत नाहीत. फ्यूजही बघून घेऊ.”

मी लावला. त्यांनी पट्टा तपासला. मी पुन्हा तपासला.

या खेपेला बल्ब एकदा डोळा मिचकावल्यासारखा पेटला आणि मंद होऊन विझत आला. डबा चालू करायला आईंनी त्याची हिरवी वायर काळीला टेकवली. झाकणावरचा मोठा पंखा गर्रकन नाही, सावकाश फिरायला लागला, आणि त्याचा आवाज इतका कमी होता की खात्रीसाठी मी हात धरून वारा बघितला.

मी किंचाळले असेन, कारण बाबर त्यांच्या दारातून ओरडले, “झालं का काकू?”

“झालं!” आई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गल्लीत ऐकू जाईल असं ओरडताना ऐकलं.

*

उमेश पाचला आला तेव्हा डबा मीटर आणि मोटारगाडीच्या दोन बल्बांना जोडून चालू होता. तासभर जोर देऊन बघायचा, असा आईंचा नियम. त्या समोर बसून दर पाच मिनिटांनी आकडे सांगत होत्या, मी लिहून घेत होते. उमेश चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

“हे कोणी केलं?”

“आईंनी,” मी म्हटलं.

“आम्ही,” आई म्हणाल्या.

तो येऊन खाली बसला. कोरा कागद असावा तसा त्याचा चेहरा होता. “आई, मला वाटलं तू रेडिओच्या पेट्या बंद करायचीस.”

“सुरुवातीला.”

“मग तू सोडलंस कशाला?”

आईंनी मीटरवरचा आकडा सांगितला, मी लिहिला. मग त्या सहजपणे बोलायला लागल्या, भाजीत काय घातलं ते सांगावं तशा.

“शहाऐंशी साली कंपनीनं असल्या डब्यांचा नवा विभाग काढायचं ठरवलं. आमच्यातल्या एकीला तीन महिने बंगळूरला शिकायला पाठवणार होते. आल्यावर लाइन तिच्या हाताखाली. माझं नाव निघालं. शिकायचे कागद आधीच पाठवले होते त्यांनी. मी ते सगळे वाचले. हे सगळं त्यातलंच आहे.” त्यांनी डब्याकडे हनुवटी केली. “फक्त गेले नाही. मग वर्षानं जुना विभाग बंद झाला, मी घरी आले.”

“बाबा नाही म्हणाले?”

“त्यांनी नाही म्हटलं नाही. हो पण नाही म्हटलं.”

“मला का नाही विचारलंस?”

“तू अकरा वर्षांचा होतास. विचारलं असतं तर ‘जा’ म्हणाला असतास.” त्या हसल्या. “म्हणूनच नाही विचारलं.”

उमेशनं माझ्या हातातून वही घेतली आणि म्हणाला, “सांग आई पुढचा आकडा. मी लिहितो. नयनाला काम असेल.”

पुढचं थोडक्यात सांगायचं तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत तीनशे बारा पानं छापून झाली. गावडे बाईंनी ऋणनिर्देशात माझं नाव टाकलं. तो एसएमपीएस पुढं आठ वर्षं चालला, आणि गेला तो कॉम्प्युटरच जुना झाला म्हणून. पिंपरीच्या त्या मेकॅनिकनं ते भोक पाडलेलं झाकण बघितलं आणि महिन्याभरात स्वतःच जळके डबे दुरुस्तीला आमच्याकडे घेऊन यायला लागला. पुढच्या खोलीतलं माझं टेबल तिथेच राहिलं. पलंग आत गेला, आणि त्या जागी आईंचं टेबल आलं. आज त्या ऐंशीच्या आहेत. सोल्डरिंग मी करते, त्या आवाज ऐकून बिघाड सांगतात.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

तास पूर्ण झाल्यावर आईंनी डबा थंड होऊ दिला. देवघरातला बल्ब टेकवला. या खेपेला तो टपकन पेटून विझला, तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. झाकण बसवायला घेतलं आणि थांबल्या.

“जाड पेन आहे का तुझ्याकडे?”

मी काळं मार्कर दिलं. झाकण उलटं करून, आतल्या बाजूला, त्यांनी तारीख लिहिली आणि खाली लिहिलं : ४१७.

“हे काय?”

“माझा नंबर. सेट पास केला की आत नंबर टाकायचा. काही निघालं तर कोणाला विचारायचं, ते कळायला.” त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “घे.”

“मला कुठे नंबर आहे, आई?”

“मग नाव लिही. पाच भाग तू बसवलेस. आणि पास तू केलास.”

मी कोपऱ्यात, त्यांच्या आकड्याखाली, बारीक अक्षरात नयना लिहिलं. त्यांनी झाकण डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा प्रयत्न केला आणि ते मला परत दिलं.

“जरा मोठं काढ,” त्या म्हणाल्या. “मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.”